टेंभलीचा अंगठा आणि सर्व्हरची डागडुजी

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग समारंभाला उपस्थित होते. टेंभली आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पर्यंत ती धुळे जिल्ह्यात होती. त्याहीआधी, १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा, हा भाग पश्चिम खानदेशात आला आणि जळगाव पूर्व खानदेशात.

समारंभाची छायाचित्रे पुष्कळ छापली गेली. त्यामागची यंत्रणा मात्र छायाचित्रात मावणारी नव्हती. ती लिनक्स, मायएसक्यूएल, हडूप अशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता व बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर उभी राहिली. मोजक्या महागड्या यंत्रांऐवजी साध्या सर्व्हरांची फौज, हे तिचे सूत्र. जळगाव-धुळ्याच्या रेशन दुकानात टेकवलेल्या अंगठ्याची पडताळणी दूरच्या डेटा सेंटरमधील अशाच यंत्रांवर होते.

फौज म्हटली की शिस्तीचा प्रश्न आलाच. शेकडो सर्व्हरांवर एकच दुरुस्ती हाताने करू गेल्यास कुठेतरी चूक होणार, कुठेतरी ती राहूनच जाणार.

या प्रश्नाला पहिले ठळक उत्तर १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठातून आले. मार्क बर्जेस हे मूळचे भौतिकशास्त्राचे संशोधक. विभागातील निरनिराळ्या घडणीची युनिक्स यंत्रे सांभाळताना त्यांनी ‘सीएफइंजिन’ लिहिले. त्यातील कल्पना आजही विलक्षण वाटते. यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नाही. शेवटी स्थिती कशी असावी एवढेच लिहायचे. स्थिती तशीच असेल तर यंत्र हात लावत नाही, ढळली असेल तर तेवढीच सुधारते. त्यामुळे तीच सूचना शंभरदा चालवली तरी हानी होत नाही.

त्याच वाटेने २००५ मध्ये ‘पपेट’ आले आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचे ‘अ‍ॅन्सिबल’. हा शब्द अर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या विज्ञानकादंबरीतला; त्यात ते क्षणार्धात ताऱ्यापलीकडे निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राचे नाव होते. २०१५ मध्ये रेड हॅटने अ‍ॅन्सिबलची कंपनी विकत घेतली, तरी कोड खुलाच राहिला.

खुल्या वस्तूची देखभाल कोणी करायची? खानदेशाला हा प्रश्न जुना आहे. पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधारा आणि पाट सर्वांचे, एका फडात पीक एकच, पाणी वाटायला पाटकरी, आणि पाटातला गाळ काढायला सगळे लाभधारक. बंधारा कोणी बांधला हे लोक विसरले असतील. गाळ काढण्याची पाळी मात्र कोणी विसरू शकत नसे.

सॉफ्टवेअरमधले हे गाळ काढणे म्हणजे देखभाल-आवृत्ती. क्रमांकातला शेवटचा आकडा वाढतो, नवे काही मिळत नाही, बातमी होत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅन्सिबलच्या गाभ्याची २.१६ ही आवृत्ती आली. डिसेंबरमध्ये २.१६.१ आली, कारण बाहेरून आलेली, ‘अविश्वसनीय’ अशी खूण केलेली माहिती आतल्या प्रक्रियेत ती खूण हरवून बसत होती. तसे झाले की शत्रूने पेरलेला मजकूर आज्ञा म्हणून चालण्याचा धोका. आणि सर्व सर्व्हरांवर अधिकार असलेल्या साधनात असे छिद्र म्हणजे किल्ल्याच्या किल्ल्याच परक्या हाती. ते छिद्र बुजवताना काही जुन्या गोष्टी अडल्या, म्हणून त्याच महिन्यात २.१६.२ काढावी लागली. दुरुस्तीचीही दुरुस्ती! जुन्या २.१४ आणि २.१५ या शाखांनाही तीच डागडुजी वेगळी करून द्यावी लागली, कारण सगळी यंत्रे एकाच दिवशी नव्यावर जात नाहीत.

एका शाखेची अशी सेवा साधारण दीड वर्ष चालते. २.१६ ची मुदत २०२५ मध्ये संपली.