शंकूसारखं बुबुळ: पावणेतीनशे वर्षांचा शोध

आजची गोष्ट कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरून सुरू करतो. पुस्तकांच्या दुकानांमुळे हा रस्ता आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तिथेच १८३५ साली सुरू झालेलं मेडिकल कॉलेज आहे. त्याच्या आवारात १८९१ साली, श्यामाचरण लाहा यांच्या देणगीतून, डोळ्यांचं स्वतंत्र रुग्णालय सुरू झालं.

त्या वेळी जगभरच्या नेत्रवैद्यांना एक आजार नावानिशी माहीत होता, पण तो थांबवता मात्र कोणालाच येत नव्हता. त्याचं नाव केरॅटोकोनस. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. निरोगी डोळ्यात तो घुमटासारखा गोल असतो. या आजारात तो हळूहळू पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा वयात येताना होते. मग एका अक्षराची दोन दिसतात, दिव्याला शेपट्या फुटतात आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलतो.

१७४८ मध्ये मौखार्ट या जर्मन वैद्याने अशा डोळ्याचं वर्णन करून ठेवलं. १८५४ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅमने त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि इतर विकारांपासून हा आजार वेगळा काढला. १८६९ मध्ये स्वित्झर्लंडच्या हॉर्नरने त्याला आजचं नाव दिलं. उपचार मात्र ऐकवत नाहीत: सिल्व्हर नायट्रेटने बुबुळ डागायचं आणि वर घट्ट पट्टी बांधायची.

निदानातली मोठी युक्ती फार साधी होती. १८८० च्या सुमारास पोर्तुगालच्या प्लासिडोने एका चकतीवर काळी-पांढरी वर्तुळं काढली, मधोमध भोक पाडलं आणि त्यातून रुग्णाच्या डोळ्यात पाहिलं. बुबुळ म्हणजे आरसाच. ते गोल असेल तर वर्तुळांचं प्रतिबिंब गोल पडतं, वाकडं असेल तर वर्तुळं वेडीवाकडी होतात. आज बुबुळाचा रंगीत नकाशा काढणारी अनेक यंत्रं याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच की मोजणी संगणक करतो. काही यंत्रं मागची बाजू आणि जागोजागची जाडीही सांगतात, म्हणून रुग्णाला त्रास जाणवण्याआधीच आजार पकडता येतो.

१८८८ मध्ये पॅरिसच्या काल्टने शंकू दाबून बसवण्यासाठी डोळ्यावर काचेची वाटी बसवून पाहिली. कॉन्टॅक्ट लेन्सच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. लेन्समुळे नजर सुधारते, पण पडदा पातळ होणं थांबत नाही. फार पुढे गेलेल्या आजारात एकच वाट उरायची, ती म्हणजे मृत व्यक्तीचा कॉर्निया बसवणं. असं पहिलं यशस्वी रोपण १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्मने केलं, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कास्त्रोव्हिएखोने ही शस्त्रक्रिया केरॅटोकोनससाठी वापरली.

पण रोपणाला दाता लागतो, आणि इथे कोलकात्याकडे पुन्हा वळावं लागतं. ब्रज रॉय यांच्या 'गणदर्पण' या संस्थेने या शहरात देहदानाची चळवळ उभी केली. ज्योती बसूंनी २००३ मध्ये देहदानाचा संकल्प केला. १७ जानेवारी २०१० रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे डोळे आणि देह दोन्ही दान झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या बाबतीतही तेच घडलं. पंचाण्णव वर्षांच्या माणसाचे डोळेही दान करता येतात, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं. साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात, म्हणून घरच्यांनी आधी ठरवलेलं असणं महत्त्वाचं.

पातळ होणं थांबवण्याचा उपाय सापडला तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. वोलेन्साक, श्पोर्ल आणि झायलर यांनी २००३ मध्ये २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचे निष्कर्ष छापले. बुबुळावर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास अतिनील प्रकाश सोडायचा. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या धाग्यांत नवे सांधे जुळतात आणि पडदा कणखर होतो. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. उपचार केलेल्या सगळ्या डोळ्यांत आजार थांबला. मात्र गेलेली जाडी परत येत नाही. शिवाय नेहमीच्या पद्धतीत पडदा निदान ४०० मायक्रॉन जाड असावा लागतो. म्हणजे उशीर झाला की हे दार अरुंद होतं.

हा आजार लांबचा वाटत असेल, तर आपल्या नागपूरकडे पाहा. तिथल्या परिसरातल्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली आणि तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: २.३ टक्के लोकांत केरॅटोकोनस. बुबुळाचा नकाशा न काढता फक्त वक्रता मोजून हा आकडा आला, म्हणून तो जपून वापरावा. पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नक्कीच नाही.

या इतिहासातून मी एवढंच घेतो: दीडशे वर्षं आजार दिसत होता पण थांबत नव्हता, आणि आता थांबतो तर वेळेवर दिसत नाही. घरातलं पोर सारखे डोळे चोळत असेल, तर ती सवय मोडा आणि खाज येते तिच्यावर औषध घ्या. दर वर्षी सिलिंडरचा नंबर वाढत असेल, तर नवा चष्मा करण्याआधी डॉक्टरांना विचारा, "बुबुळाचा नकाशा काढायचा का?" तपासणी दुखत नाही आणि काही मिनिटांत होते.

भेटू पुढच्या भागात.