एकतीस सेकंद

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रकावर एक दणका ऐकू येतो, त्यामागून एकच वैतागाचा उद्गार, आणि फीत गप्प होते. विमान त्या वेळी नाक उचलून जमीन सोडायच्या बेतात होते. पुढच्या एकतीस सेकंदांत आतली माणसे एकमेकांना काय म्हणाली, हे कायमचे हरवले आहे.

२५ मे १९७९, शुक्रवार. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून अमेरिकन एअरलाइन्सचे १९१ क्रमांकाचे उड्डाण लॉस एंजेलिसला निघाले होते. विमान डीसी-१०, आत २७१ माणसे. कॅप्टन वॉल्टर लक्स ५३ वर्षांचे, उड्डाणाचा अनुभव सुमारे २२ हजार तासांचा. फितीवर वेगाचे आकडे कॅप्टन पुकारतात. त्यावरून प्रत्यक्ष विमान सहवैमानिक चालवत होते असा निष्कर्ष निघतो.

दणका होता तो डाव्या पंखाखालचे इंजिन त्याला पंखाशी जोडणाऱ्या पायलॉनसकट उखडल्याचा. ते पंखावरून मागे फेकले गेले आणि जाताना पंखाच्या पुढच्या कडेचा सुमारे तीन फूट भाग व त्यातल्या हायड्रॉलिक नळ्या घेऊन गेले. खरा घात इथे झाला. उड्डाणाच्या वेळी पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप आणि पुढच्या कडेला स्लॅट बाहेर काढलेले असतात. कमी वेगातही पंखाला पुरेशी उचल मिळते ती त्यांच्यामुळे. डीसी-१० मध्ये हे स्लॅट जागेवर राहत ते हायड्रॉलिक दाबाच्या जोरावर, त्यांना यांत्रिक कडी नव्हती. तेल गळाले, दाब गेला आणि समोरच्या वाऱ्याने डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट आत ढकलले. उजवे तसेच बाहेर राहिले. स्लॅट बाहेर असलेला पंख १२४ नॉटपर्यंत तग धरू शकत होता. डाव्याची उचल आता १५९ नॉटलाच कोलमडणार होती.

यापुढची हकिगत उड्डाण नोंदकाने सांगितली आहे. जमीन सोडल्यावर नऊ सेकंदांनी विमान १४० फुटांवर होते, वेग १७२ नॉट. पंख समतोल, चढण स्थिर. एक इंजिन गेले तर १५३ नॉटने चढा, अशी त्या काळची ठरलेली पद्धत होती, आणि वेग त्या दिशेनेच हळूहळू उतरू लागला. विसाव्या सेकंदाला ३२५ फुटांवर तो १५९ झाला. विमान डावीकडे कलंडू लागले.

हे वाचताना जीव कासावीस होतो, कारण यात वैमानिकांची एकही चूक सापडत नाही. कॉकपिटमधून पंख दिसत नसत. डावे-उजवे स्लॅट जुळत नसल्याचा इशारा देणारा दिवा आणि उचल संपत आल्यावर कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरवणारी यंत्रणा या दोन्हींची वीज त्याच डाव्या इंजिनाच्या जनित्रातून येत होती. सहवैमानिकाच्या दांड्याला तशी यंत्रणाच नव्हती. टॉवरमधल्या नियंत्रकाने इंजिन तुटताना पाहिले होते. परत यायचे आहे का, कोणती धावपट्टी हवी, असे त्याने विचारले. उत्तर आले नाही.

तपासात १३ वैमानिकांनी सिम्युलेटरवर ७० उड्डाणे करून पाहिली. नोंदकातल्या हालचाली जशाच्या तशा केल्या की विमान दरवेळी हातातून जाई. आधीपासून कल्पना असलेल्यांना मात्र नाक खाली घेऊन वेग राखता आला. अशी कल्पना १९१ च्या माणसांना कुठून असणार?

इंजिन उखडण्यामागचे मूळ दुखणे आठ आठवड्यांपूर्वीचे. मार्चअखेर टल्साच्या देखभाल केंद्रात इंजिन आणि पायलॉन एकत्रच फोर्कलिफ्टवर तोलून उतरवले होते. आधी इंजिन, मग पायलॉन, ही निर्मात्याची शिफारस. एकत्र काढल्याने सुमारे २०० मनुष्य-तास वाचत. त्या खटाटोपात पायलॉनच्या मागच्या आधाराला तडा गेला. काँटिनेंटल एअरलाइन्सच्या दोन विमानांत असेच तडे आधीच सापडून दुरुस्तही झाले होते. ती खबर वेळेवर सगळीकडे पोहोचायला हवी होती, हे लिहिताना माझा आवाज तटस्थ राहत नाही.

कॅप्टनच्या बाजूची वीज परत आणणारी एक कळ कॉकपिटमध्ये होती. फ्लाइट इंजिनिअरला तिच्यापर्यंत पोहोचायला पट्टा सोडून, खुर्ची फिरवून उठावे लागले असते. विमान कलंडू लागल्यापासून वेळ होता अकरा सेकंदांचा, तोही गडबड झाली आहे हे त्याच क्षणी कळले असते तर.

टर्मिनलमधून काढलेल्या एका छायाचित्रात पंख आभाळाकडे उभा झालेला दिसतो. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४,६०० फुटांवर विमान कोसळले. आतले सगळे गेले, जमिनीवरचे दोघेही. आदळताना ते डावीकडे ११२ अंश कलंडलेले होते. सुकाणू आणि चाक मात्र शेवटच्या नोंदीपर्यंत उजवीकडे दाबून धरलेले होते.