माया मच्छिंद्र (चित्रपट)

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा १९३२ सालचा बोलपट, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथांच्या, दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी किलोतळा हिच्या आणि मास्टर विनायक मच्छिंद्रनाथांचा शिष्य गोरखनाथ याच्या भूमिकेत होते.

बीड जिल्ह्यातल्या कडा गावच्या माणसाला मच्छिंद्र-गोरखाची कथा सांगावी लागत नाही. कडा ज्या आष्टी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात सावरगावजवळ, गर्भगिरीच्या डोंगरात मायंबा आहे. मच्छिंद्रनाथांची समाधी ती हीच, अशी नाथभक्तांची श्रद्धा. धुंडीसुत मालूंच्या 'नवनाथ भक्तिसारा'ची पारायणे या भागात घरोघर होतात. पोथीत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंततात, त्यांना मीननाथ हा मुलगा होतो आणि गोरख मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक घालतो. परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीतली सोन्याची वीट तो फेकून देतो आणि सारा गर्भगिरी सोन्याचा करून दाखवतो.

चित्रपटाने या कथेला वेगळे वळण दिले. पुरुषांचा द्वेष करणारी राणी, तिने पाळलेला चित्ता, भव्य सेट, ट्रिकदृश्ये यांची रेलचेल प्रेक्षक डोळे भरून पाहतो आणि अखेरीस कळते, की हे सगळे गुरूने शिष्यासाठी उभे केले होते. शांतारामांची खरी करामत इथे आहे. झगमगाट काढून टाकला तर कथेचा गाभाच उरत नाही, कारण प्रेक्षकही गोरखाबरोबरच फसलेला असतो.

ग्रीक पुराणातही किलोतळेसारखेच, ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांचे राज्य आहे आणि ग्रीक कथांवरच्या मारधाडपटांत दृश्य विरुद्ध गोष्ट हा वाद जुनाच. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांच्या 'इमॉर्टल्स'मध्ये (२०११) एइको इशिओका यांचे पोशाख आणि चित्रांसारख्या चौकटी विलक्षण देखण्या आहेत; पण थिसियसच्या सूडाशी त्यांचे नाते सैल आहे, त्यामुळे डोळे दिपतात आणि मन बाहेरच राहते. याउलट 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये (१९६३) रे हॅरीहाउझेन यांनी सात सांगाड्यांची लढाई चार महिने खपून एकेका चौकटीने हलवली. ती रंगते, कारण सोनेरी लोकर हाती आल्यावर जेसनची सुटका तिथेच अडलेली असते.

पुढे दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) प्रभातने वैकुंठाचे विमान उडवले, पण चित्रपटाचा बहुतेक भार तुकारामांची पत्नी जिजाई हिच्या संसारावर ठेवला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली.