टेपवरची कैफियत

‘प्लीज किल मी’ वाचायला घेतलं आणि वीसेक पानांनंतर मी थांबून लेखक शोधू लागलो. मुखपृष्ठावर दोन नावं होती, लेग्ज मॅकनील आणि जिलियन मॅकेन. आत मात्र निवेदन असं कुठेच नव्हतं. मॅकनील भेटत होता, पण बाकीच्यांसारखाच, आपल्या वाट्याचं बोलून बाजूला होणारा. पानावर ठळक अक्षरांत नाव, पुढे त्या माणसाचं बोलणं. ते संपलं की दुसरं नाव, दुसरं बोलणं. कुठे चार ओळी, कुठे दीड पान. एकाने सांगितलेलं दुसरा खोडून काढतो, तिसरी येऊन दोघांनाही ठाऊक नसलेलं काही सांगून जाते, आणि मधे पडून निवाडा कुणीच देत नाही. न्यू यॉर्कच्या पंक संगीताचा हा सगळा इतिहास असाच, तोंडातोंडी.

त्याआधी मी वाचलेली रॉकची पुस्तकं वेगळ्या घडणीची होती. हंटर डेव्हिस यांचं १९६८चं बीटल्सचरित्र घ्या. त्यात एक माणूस सगळ्यांना भेटतो, ऐकून घेतो आणि मग स्वतःच्या भाषेत आपल्याला सांगतो. इथे तो मधला माणूस उठून गेला होता, आणि मला ते फार आवडलं.

ह्या प्रकाराला इंग्रजीत ओरल हिस्टरी म्हणतात, आपल्याकडचे अभ्यासक मौखिक इतिहास. मला कैफियत हा जुना शब्द जवळचा वाटतो. वतनाचा तंटा उभा राहिला की माणूस आपली हकिकत पहिल्यापासून सांगायचा आणि ती कागदावर उतरायची. समोरच्याची कैफियत वेगळी असायची. दोन्ही दप्तरात राहायच्या.

१९९६ साली आलेल्या ‘प्लीज किल मी’पासून रॉकच्या पुस्तकांत ह्या प्रकाराची लाट आली हे खरं, पण साचा पंकवाल्यांचा नव्हे. त्याचं कूळ जॅझमध्ये आहे.

मार्च १९३८मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांची ओळख जॅझचे जनक अशी करून देण्यात आली. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा क्लबात वाजवून दिवस काढत होता. त्याच्या रेकॉर्ड खपायचे ते दिवस मागे पडले होते. हे कानावर आल्यावर तो पेटून उठला. जॅझ मी निर्माण केलं, तेही १९०२ साली, असं ठणकावणारं पत्र त्याने लिहिलं. पुढे ‘डाउनबीट’ मासिकाने ते छापलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काम करणाऱ्या अॅलन लोमॅक्स ह्या तेवीस वर्षांच्या तरुणाने मॉर्टनला तिथल्या कूलिज सभागृहात पियानोपाशी बसवलं आणि रेकॉर्डिंगचं यंत्र सुरू केलं. लोमॅक्स लोकगीतं गोळा करणारा. जॅझवर त्याचा तेव्हा फारसा जीव नव्हता. यंत्राची तबकडी काही मिनिटांत भरायची, की दुसरी लावायची. मॉर्टन बोटं पट्ट्यांवर ठेवूनच बोलत राहिला. जुगाराचे अड्डे, मिरवणुका, अंत्ययात्रेबरोबर चालणारे बँड, कोण कसं वाजवायचं आणि कोण कुणाची नक्कल करायचं, सगळं. मुद्दा पटवायचा झाला की तो वाजवूनच दाखवायचा. आठ तासांहून अधिक भरेल एवढं ते रेकॉर्डिंग झालं. आजही ऐकताना ठेका धरणारा त्याचा पाय जमिनीवर आपटलेला ऐकू येतो.

मॉर्टन १९४१मध्ये गेला. लोमॅक्सने ह्या बोलण्यातून केलेलं ‘मिस्टर जेली रोल’ १९५०मध्ये आलं. त्यात मॉर्टनचा आवाज आहे आणि मधे मधे लोमॅक्सचा, शिवाय न्यू ऑर्लिन्सच्या इतर जुन्या वादकांचाही. म्हणजे मधला माणूस अजून खोलीतच होता.

त्याच सुमारास इतिहासाच्या प्राध्यापकांनाही बोललेल्या शब्दाची निकड जाणवू लागली होती. टेलिफोन आल्यापासून मोठी माणसं पत्रं लिहिनाशी झाली, मग उद्याच्या इतिहासकाराने वाचायचं काय, ही अॅलन नेव्हिन्स यांची चिंता. त्यांनी १९४८मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं. पहिली मुलाखत एका विद्यार्थ्याने हाताने टिपून घेतली. यंत्रं नंतर आली. बोलावलं जायचं ते राजकारणी, न्यायाधीश, उद्योगपती अशांना. बोलणं टाइप करून झालं की सुरुवातीच्या वर्षांत टेप पुसून पुन्हा वापरायचे. कागद हा पुरावा, आवाज नव्हे, असा त्यामागचा विचार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आणि मग १९५५. नॅट शपिरो आणि नॅट हेंटॉफ यांचं ‘हिअर मी टॉकिन टू या’. ह्या कुळाचा मूळपुरुष मी ह्या पुस्तकाला मानतो. नाव लुई आर्मस्ट्राँगच्या एका रेकॉर्डवरून घेतलेलं. सगळ्या मुलाखती संपादकांनी स्वतः घेतलेल्या नव्हत्या. मासिकांत छापून आलेलं, पत्रांतलं, टेपवरचं, जिथे म्हणून वादक स्वतःच्या तोंडाने बोलला होता तिथून त्यांनी तुकडे कापले आणि एकाखाली एक लावले. न्यू ऑर्लिन्सपासून निघून शिकागो, न्यू यॉर्क, कॅन्सस सिटी असा प्रवास. त्यांचा विषय कुणी एक कलावंत नव्हता. इंग्रजीत ज्याला ‘सीन’ म्हणतात तो होता. म्हणजे एखाद्या शहरातली थोडी वर्षं, थोड्या जागा आणि तिथे रोज रात्री जमणारी माणसं. अशा गोष्टीला नायक नसतो. एका माणसाने सांगायला घेतली की ती कुणातरी एकाची होऊन बसते. शिवाय ह्यातले बहुतेक वादक काळे होते, आणि त्यांच्या संगीताबद्दल तोवर जे छापलं जात होतं त्यातलं पुष्कळसं गोऱ्या समीक्षकांचं होतं. वादकांनाच सलग बोलू देणं हा त्या काळात न्यायाचा प्रश्न होता. पुस्तकाच्या उपशीर्षकात जॅझ घडवणारे ‘पुरुष’ असा शब्द आहे; आत बिली हॉलिडे आणि मेरी लू विल्यम्सही बोलतात.

१९६३मध्ये फिलिप्सची छोटी कॅसेट आली आणि थोड्याच वर्षांत रेकॉर्डर खांद्यावरच्या पिशवीत मावू लागला. शिकागोच्या स्टड्स टर्केल यांनी तर कामगार, बेकार, दुकानदार यांना बोलतं करून १९७०मध्ये महामंदीची आठवण सांगणारं ‘हार्ड टाइम्स’ उभं केलं. त्यांचं पहिलं पुस्तक जॅझवादकांवर होतं, १९५७ सालचं.

पण रॉकच्या पुस्तकापर्यंतची खरी पायवाट एका आगगाडीतून गेली. रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्यावर ८ जून १९६८ रोजी त्यांची शवपेटी न्यू यॉर्कहून वॉशिंग्टनला रेल्वेने नेली. रुळांच्या दुतर्फा माणसं उभी होती. जीन स्टाइन यांनी त्या गाडीतल्या आणि केनेडींच्या आयुष्यातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, आणि ‘पॅरिस रिव्ह्यू’चे संपादक जॉर्ज प्लिम्प्टन यांनी त्या कापून रचल्या. १९७०मध्ये आलेल्या त्या ‘अमेरिकन जर्नी’त गाडी पुढे सरकते आणि आवाज मागे जाऊन येतात. ह्याच जोडीने १९८२मध्ये ‘ईडी’ केलं. चित्रकार अँडी वॉरहॉलच्या ‘फॅक्टरी’ ह्या स्टुडिओत वावरलेली, त्याच्या सिनेमांत झळकलेली आणि १९७१मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली ईडी सेजविक. तिची कहाणी तिच्या भोवतालच्या माणसांनी सांगायची, एकमेकांना छेद देत. मॅकनील आणि मॅकेन यांच्यासमोर हेच पुस्तक होतं. दोन्ही पुस्तकांचं जगही एकच आहे: वॉरहॉलच्या ज्या फॅक्टरीत ईडी वावरली तिथेच व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड वाढला, आणि ‘प्लीज किल मी’ची सुरुवात त्याच बँडपासून होते.

लेग्ज मॅकनील हा ‘पंक’ मासिकाच्या संस्थापकांपैकी. मासिकाचा पहिला अंक १९७६च्या सुरुवातीला आला. न्यू यॉर्कच्या बावरी रस्त्यावर ३१५ क्रमांकाच्या जागेत हिली क्रिस्टल यांचा सीबीजीबी क्लब १९७३च्या अखेरीपासून चालू होता. ती अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज यांची, आणि तिथे वाजलं मात्र रमोन्स, टेलिव्हिजन आणि पॅटी स्मिथ. मॅकनील त्या गर्दीत वाढला. मॅकेन कवयित्री, सेंट मार्क्स चर्चमधल्या पोएट्री प्रोजेक्टमध्ये काम केलेली. १९७१च्या फेब्रुवारीत पॅटी स्मिथने लेनी केच्या गिटारच्या साथीने आपल्या कविता पहिल्यांदा वाचल्या त्या तिथेच. एक त्या रात्रींचा साक्षीदार, दुसरी नंतर आलेली, कान शाबूत असलेली. हे काम अशा जोडीनेच व्हावं असं मला वाटतं. साक्षीदाराला काय विचारायचं ते कळतं. बाहेरच्या माणसाला काय कळत नाही ते कळतं.

ह्या पुस्तकाचं खरं लेखन कात्रीने झालेलं आहे. कुणाच्या वाक्यानंतर कुणाचं वाक्य ठेवायचं ह्यातच सगळं आलं. स्टूजेस आणि एमसी फाइव्ह ह्या दोन बँडांना १९६८मध्ये एकाच खेपेत इलेक्ट्रा कंपनीत आणणारा आणि पुढे रमोन्सचा मॅनेजर झालेला डॅनी फील्ड्स एक सांगतो. लगेच खाली दुसरा माणूस तीच वर्षं वेगळ्या खोलीतून पाहिलेली सांगतो. मेरी हॅरन पुढे चित्रपट दिग्दर्शक झाली; इथे ती ‘पंक’साठी लिहिणारी तरुण मुलगी आहे. गाजलेल्या गायकाला जेवढी जागा, तेवढीच त्याच्या मैत्रिणीला आणि फोटो काढणाऱ्याला. संपादक बोलत नाही म्हणून तो नि:पक्ष असतो असं मात्र नाही. कापणाऱ्याचा कल कापण्यात दिसतोच. पंक मुळात न्यू यॉर्कचं, लंडनने ते नंतर उचललं, हा ह्या पुस्तकाचा दावा आहे आणि तो रचनेतूनच केलेला आहे. ब्रिटिश बाजूसाठी जॉन सॅव्हेज यांचं १९९१चं ‘इंग्लंड्स ड्रीमिंग’ वाचावं. ते त्यांनी सलग निवेदनात लिहिलं, पण त्यामागच्या मुलाखती २००९मध्ये वेगळ्या पुस्तकात दिल्या.

म्हाइंभटांची इथे आठवण होणं मराठी वाचकाला साहजिक आहे. चक्रधरस्वामींना पाहिलेली माणसं गाठून, त्यांना विचारून, तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. न्यू यॉर्कच्या पुस्तकाशी त्याचं नातं नाही, पण घाई तीच होती: पाहिलेली माणसं आहेत तोवर विचारून घ्यायचं. ‘प्लीज किल मी’ आलं तेव्हा रमोन्सचे मूळचे चौघेही हयात होते. जोई २००१मध्ये गेला, डी डी २००२मध्ये, जॉनी २००४मध्ये, टॉमी २०१४मध्ये.

पुढची पिढी भराभर आली. लॉस एंजेलिसच्या पंकवर ‘वी गॉट द न्यूट्रॉन बॉम्ब’ आणि जर्मनीत युर्गेन टाइपेल यांचं पुस्तक, दोन्ही २००१ची. सिएटलच्या ग्रंजवर २००९ आणि २०११मध्ये दोन. लिझी गुडमन यांचं ‘मीट मी इन द बाथरूम’ २०१७मध्ये, नव्या शतकातल्या न्यू यॉर्कवर. २०१९मध्ये टेलर जेन्किन्स रीड यांनी ‘डेझी जोन्स अँड द सिक्स’ ही कादंबरीच ह्या साच्यात लिहिली. बँड काल्पनिक, मुलाखतीही काल्पनिक.

माझ्यासाठी ह्या कुळातलं सर्वांत जिव्हाळ्याचं पुस्तक मुंबईचं आहे. ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’, २००८ सालचं. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या वादकांना त्यांनी बोलतं केलं. त्यांत गोव्याचे पुष्कळ. चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून मुंबईत आलेले. त्यांच्या व्हायोलिन-ट्रम्पेटवर आपण वाढलो आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं नसायची. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी गेलं ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे, आणि ते गाण्यात आलं कारण त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. बूथ मधे मधे स्वतः बोलतात, पण वादकांना लांबलचक बोलू देतात.

ते वाचून मीही एका लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या आजोबांकडे जाऊन बसलो होतो. मोबाइल टीपॉयवर ठेवला, दीड तास बोललो. उतरवून काढायला दोन दिवस लागले. आजोबा फार छान बोलत होते. कुठल्या वरातीत पाऊस आला, बिदागी किती मिळाली, नवा क्लॅरिनेट कुठून आणला. दर थोड्या वेळाने आतून आजींचा आवाज यायचा. साल ते नव्हे हो, थोरलीच्या वेळी मी माहेरी होते ना, तेव्हाचं ते. आणि तो क्लॅरिनेट तुम्ही नाही आणला, माझ्या पाटल्या मोडून आला. मग कुकरची शिट्टी, आणि आजोबांचं पुढे चालू. टाइप करताना हे सगळं मी व्यत्यय म्हणून गाळलं आणि आजोबांचं सलग निवेदन तयार केलं. वाचायला ते सुरेख झालं होतं.

परवा ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आजींचं बोलणं लांबून येतं, पण प्रत्येक शब्द कळतो. साल त्यांनी सांगितलं तेच बरोबर होतं. आता दोघांचं बोलणं एकाखाली एक लावतोय. डावीकडे आजोबांचं नाव घातलं आणि दुसऱ्या ओळीला थांबलो. आजींचं नाव मी विचारलंच नव्हतं.