मूठभर धान्याचे बळ

शुभवर्तमानातील गरीब विधवेची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मंदिराच्या भांडारात धनवंतांनी पुष्कळ टाकले आणि तिने दोन टोल्या टाकल्या. तिने आपली सारी उपजीविका दिली म्हणून प्रभू येशूने तिचे दान सर्वांहून थोर ठरविले. या कथेवर प्रवचन करताना मी अनेक वर्षे त्यागाविषयीच बोलत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने तिची दुसरी बाजू माझ्या ध्यानी आली. मुलांच्या अभ्यासवर्गासाठी एका सद्गृहस्थाने मोठी रक्कम देऊ केली होती. मात्र त्या वर्गात कोणत्या वस्तीतील मुले घ्यावीत आणि कोणत्या वस्तीतील घेऊ नयेत, हे आपण ठरवू, अशी त्याची अट होती. धर्मग्राम समितीत दोन रात्री वाद झाला. त्या वादात मला वारंवार आठवत राहिले की विधवेने आपल्या दोन टोल्यांना कोणतीही अट जोडली नव्हती. तिच्या हातून त्या सुटल्या त्या सुटल्याच.

न्यायासाठी दिलेल्या दानावर दात्याचा लगाम असावा काय, हा प्रश्न नवा नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी तो गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा सोसला आहे. हे दोन जिल्हे पूर्वी बव्हंशी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आपल्या पुणे धर्मप्रांतात मोडणाऱ्या या कृष्णाकाठच्या भूमीत आपली संख्या अल्प आहे, पण येथील इतिहास आपल्यालाही शिकवण्याजोगा आहे.

१९१९ हे वर्ष घ्या. त्या वर्षी मुंबईत सर रतन टाटा यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी स्थापन झाला. सर रतन टाटा हे दान कसे द्यावे याचे उदाहरण होते. १९०९ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह चालू असता त्यांनी २५,००० रुपये पाठविले आणि पुढेही साहाय्य करीत एकूण सव्वा लाख रुपये दिले. तो पैसा अन्नछत्रासाठी नव्हता. अन्याय्य कायदे बदलावेत म्हणून चाललेल्या लढ्यासाठी तो होता. न्यायाच्या कार्याला धनिकाने दिलेले हे आपल्या देशातील आरंभीच्या मोठ्या दानांपैकी एक होय.

त्याच १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊराव मूळचे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांच्यामागे कोणताही विश्वस्त निधी नव्हता. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. एका पंक्तीचे ते जेवण हीच त्या काळातील मोठी समाजसुधारणा होती.

ही पंगत कशावर चालली? शेतकऱ्यांनी सुगीला दिलेल्या धान्यावर, घरोघरी बाजूला काढून ठेवलेल्या मुठीवर आणि एका स्त्रीच्या अलंकारांवर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. शुभवर्तमानातील ती विधवा आणि साताऱ्याची ही सौभाग्यवती यांना एकमेकींची ओळख पटायला वेळ लागला नसता असे मला वाटते.

पुढे संस्था वाढली. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात उभे राहिले. श्रम करून शिकण्याची पद्धत तेथे रुजली. एका दात्याने मोठी रक्कम देऊ केली, पण संस्थेला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलण्याची अट घातली, तेव्हा भाऊरावांनी ती रक्कम तत्काळ झिडकारली, अशी हकिकत आजही त्या भागात सांगितली जाते. एका दात्याला नकार देणे एक वेळ सोपे. परंतु १९४८ साली याहून कठीण परीक्षा आली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ काळात भाऊरावांच्या परखड बोलण्याने राज्यकर्ते रुष्ट झाले. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबविले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. स्वराज्य नुकतेच आले होते. सरकार परके नव्हते. अनुदान थांबले म्हणजे शिक्षकांचा पगार थांबला, मुलांची भाकरी अडली. जीभ आवरली असती तर अनुदान चालू राहिले असते. भाऊराव नमले नाहीत. संस्था पुन्हा लोकांच्या दारी गेली आणि लोकांनी तिला तारले. पुढे गाडगे महाराजांसारख्या थोर पुरुषांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पूर्ववत झाले. पैशाच्या हिशेबात पाहिले तर सरकारी अनुदानापुढे मूठभर धान्य काहीच नव्हते. पण अनुदान एका लेखणीच्या फटकाऱ्याने थांबू शकले. हजारो घरांतील मूठ थांबविण्याची सत्ता कोणा एकाच्या हाती नव्हती.

दुसरा प्रसंग खानापूर तालुक्यातील. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि अनेक कामगार दुष्काळाने पोळलेल्या आपापल्या गावी परतले. त्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदी कोरडी पडत होती आणि ठेकेदार तिची वाळू उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी धरण बांधायचे ठरविले आणि त्यासाठी थोडी वाळू स्वतः विकण्याचा हक्क मागितला. त्यासाठीही झगडावे लागले. वाळूचा पैसा, शहरांतील स्नेह्यांचे साहाय्य आणि लोकांचे श्रम यांतून बळीराजा धरण झाले. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा, हे त्यांचे तत्त्व होते. या विचाराने पुढे मोठे रूप घेतले. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्याचे समन्यायी वाटप मागितले आणि सरकारी पाणीधोरणास त्या मागणीची दखल घ्यावी लागली. धरण लहान होते. पण ते स्वतःच्या पैशाचे असल्याने त्याच्या पाण्याचा न्याय गावाला स्वतः ठरविता आला.

तिसरा प्रसंग सांगलीचा. तो लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, पण इतिहास संकोचाने लिहू नये. १९९२ पासून सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एड्सच्या प्रतिबंधाचे कार्य करीत आली. १९९६ साली या स्त्रियांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद निर्माण झाली. २००३ साली अमेरिकेने एड्ससाठी मोठा निधी मंजूर केला, पण तो घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचे लेखी जाहीर करावे, अशी अट घातली. २००५ साली संग्रामने ती अट नाकारली आणि अमेरिकन सरकारचा निधी सोडला. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम चालते त्यांच्याविरुद्ध सही कशी करावी, असा तो प्रश्न होता. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्या देशातील संस्थांपुरती ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. परदेशी संस्थांना मात्र २०२० च्या निकालातही ते संरक्षण मिळाले नाही.

देहविक्रयाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि मी तिच्याशी बांधील आहे. या व्यवसायाकडे पाहण्याची संस्थेची दृष्टी माझी नाही. तथापि त्या स्त्रियांच्या सोबत बसणाऱ्याने त्यांचा विश्वास मोडून पैसा घेतला नाही, याचा मला आदर वाटतो. प्रभू येशूही अशा स्त्रियांच्या सहवासात बसला आणि त्याची किंमत त्याने मोजली.

आता आपल्या घराकडे वळू. जर्मनीच्या बिशपांनी १९५८ साली मिझेरिओर ही संस्था स्थापिली. आपल्या देशात १९६२ साली कारितास इंडिया सुरू झाली. १९७१ साली रोम येथे भरलेल्या बिशपांच्या सिनडने न्यायासाठी झटणे हा शुभवर्तमानाच्या घोषणेचाच भाग असल्याचे सांगितले. विहिरी, दवाखाने, वसतिगृहे यांना दूरच्या ख्रिस्ती बांधवांचे साहाय्य झाले आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. परंतु त्या साहाय्याची सवय लागून आपल्या धर्मग्रामांतील मूठ मात्र सैल पडली, हेही कबूल केले पाहिजे. परकीय देणग्यांविषयीचा १९७६ चा कायदा जाऊन २०१० साली नवा आला. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने परकीय देणगी दुसरीला देण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या वाट्यावर चालणाऱ्या लहान संस्थांचा तो आधार तुटला. अशा वेळी ज्यांच्यामागे स्वतःची माणसे होती त्यांनाच तग धरणे सोपे गेले.

मोठी देणगी वाईट असते असे मला म्हणायचे नाही. सर रतन टाटांचे दान मोठे होते आणि ते निर्मळही होते. भाऊरावांनीही देणग्या आणि अनुदाने घेतली. मात्र ज्याला नकार देता येतो त्यानेच मोठे दान घ्यावे, आणि नकार देण्याचे बळ लहान दानातून येते. हा क्रम उलटला की संस्था टिकते, पण तिचा आवाज जातो.

आमच्या समितीने त्या सद्गृहस्थाची रक्कम नम्रपणे परत केली. त्या वर्षी अभ्यासवर्ग लहान भरला. एक शिक्षिका कमी पडली आणि काही मुलांना परत पाठवावे लागले, ते मला आजही बोचते. पण जी मुले आली ती सर्व वस्त्यांतील होती. पुढच्या वर्षी रविवारच्या मिस्सेनंतर प्रत्येक कुटुंबाने थोडे थोडे द्यायचे ठरले. एक म्हातारी बाई दर रविवारी न चुकता दोन नाणी टाकीत असे. ती किती होती हे मी कधी पाहिले नाही.