जीवनकालिक मानसिक विकास : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या विचारशक्तीत, भाषेत, भावनांत, स्वत्वाच्या जाणिवेत आणि इतरांशी असलेल्या नात्यांत क्रमाने घडणाऱ्या व बऱ्याच अंशी टिकणाऱ्या बदलांना जीवनकालिक मानसिक विकास म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा अभ्यास मुख्यतः मुलांपुरताच होता, कारण प्रौढपण म्हणजे पूर्णत्व आणि म्हातारपण म्हणजे उतरण असे गृहीत धरले जात असे. एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बाळपणापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ मनोसामाजिक अवस्था मांडल्या आणि प्रत्येक अवस्थेत माणसाला एका पेचातून वाट काढावी लागते असे सांगितले. पुढे पॉल बाल्टेस (१९३९–२००६) यांनी विकास आयुष्यभर चालतो आणि प्रत्येक वयात काही मिळते व काही गळते, हा विचार रुजवला. मात्र या सिद्धांतांमागील बरीच निरीक्षणे युरोप-अमेरिकेतील शाळकरी, मध्यमवर्गीय समाजातली आहेत. म्हणून उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांसारख्या ठिकाणी, जिथे कोळी, आगरी, भंडारी, कातकरी असे निरनिराळ्या व्यवसायांचे समाज शेजारी नांदतात, ती कितपत लागू पडतात हे पाहणे उद्बोधक ठरते.

बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री सटवी त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, या समजुतीने होणारे सटवीचे पूजन कोकणातही परिचित आहे. विकासाचे शास्त्र याच्या नेमके उलट सांगते : कपाळावरचा लेख कोरा असतो असे नव्हे, परंतु तो पुढील अनेक वर्षे संगोपनातून लिहिला व खोडला जातो. जॉन बोल्बी यांनी मूल आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती यांच्यातील भावबंधाला या लिखाणात पहिले स्थान दिले. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातील खेड्यांत आणि नंतर बाल्टिमोर येथे केलेल्या निरीक्षणांतून, ज्या मुलाला आपल्या हाकेला प्रतिसाद मिळेल याची खात्री असते ते मूल अधिक मोकळेपणाने परिसर धुंडाळते, असे दिसून आले. मासे उतरले की लिलावाला आणि तेथून बाजाराला जाणाऱ्या कोळणीचे तान्हे मूल आजी, आत्या किंवा मोठी बहीण यांच्या हातांत वाढते. ही विभागलेली माया एका आईच्या सततच्या सहवासापेक्षा उणी मानण्याचे कारण नाही. मुलाला सांभाळणारे हात ओळखीचे व भरवशाचे असले म्हणजे त्याचा भावबंध एकाहून अधिक व्यक्तींशी जुळतो.

बालपणातील विचारशक्तीचा सर्वांत प्रभावी आराखडा झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा होय. त्यांच्या मते मूल प्रथम ज्ञानेंद्रिये आणि हालचाल यांतून जग जाणते, मग प्रतीके वापरू लागते, साधारण सात वर्षांनंतर समोरच्या वस्तूंविषयी सुसंगत तर्क करते आणि अकरा-बारा वर्षांनंतर अमूर्त शक्यतांचा विचार करू शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतील भेद ‘अक्षय्यते’च्या चाचणीने दाखवला जातो : रुंद पेल्यातले पाणी उभट पेल्यात ओतले की लहान मुलाला ते वाढल्यासारखे वाटते, मोठ्या मुलाला तसे वाटत नाही. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याची अक्षय्यता इतर मुलांपेक्षा आधी उमगते, असे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आईच्या पाटीजवळ बसून, तेवढ्याच करंदीचा वाटा पसरून मांडला की मोठा दिसतो आणि गिऱ्हाईक मात्र तो हाताने चाचपून घेते, हे रोज पाहणाऱ्या मुलीच्या बाबतीतही असेच घडावे, अशी अपेक्षा या निष्कर्षावरून धरता येते.

भाषेच्या अंगाने रेवदंड्याजवळचे कोर्लई हे गाव लक्षणीय आहे. या परिसरातील चौलवरची पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली, तरी कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली घरात टिकून राहिली आहे. घरी ही बोली आणि गावात मराठी असे वाढणारे मूल, कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे हा निवाडा फार लहान वयात करू लागते.

कातकरी मुलांचे बालपण वेगळ्याच वेळापत्रकाने चालते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे शाळेचे वर्ष मधोमध तुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्याची तरतूद केली आहे. ती न्याय्य आहे, पण वय हेच विकासाचे माप मानण्यातली अडचणही तिच्यातून उघडी पडते, कारण दहा वर्षांचे जे मूल भट्टीवर धाकटी भावंडे सांभाळते आणि चूल पेटवते, तेच वर्गात वाचनाच्या पहिल्या पायरीवर असू शकते.

स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये किशोरावस्थेला वादळी कालखंड म्हटले. ते वादळ सर्वत्र सारखे नसते. शिक्षण लांबते तिथे हा काळ लांबतो, कामाला लवकर जुंपले जाते तिथे तो आखडतो. होडीवर नवा आलेला पोरगा आधी स्वयंपाक, पाणी उपसणे, मासळी निवडणे अशी कामे करतो, मग खलाशी होतो आणि पुष्कळ वर्षांनी, झालाच तर, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. लेव वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी ज्याला ‘निकट विकासक्षेत्र’ म्हटले, म्हणजे जे एकट्याला जमत नाही पण जाणत्याच्या सोबतीने जमते ते क्षेत्र, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शाळेत क्वचितच मिळेल.

या शिक्षणातील एक भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. डोल हे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडी बांधले जाते आणि पाणी उलटण्यापूर्वी ते उचलावे लागते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधीच ठाऊक असणे भाग असते. त्यासाठीचा परंपरागत हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की दुपारी वा मध्यरात्री बारानंतर किती तासांनी पूर्ण भरती येईल ते कळते : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊण तासाचा हा ठोकताळा त्याच्या पुरेसा जवळ जातो. त्यावर उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची लहान, वारा कुठला, खाडीचे तोंड किती अरुंद, यांचा विचार करून तांडेल वेळ आणि प्रवाहाचा जोर ठरवतो. समोर नसलेल्या अनेक शक्यता मनात एकमेकींशी ताडून पाहणे हीच पियाजेंची शेवटची अवस्था. परंतु प्रयोगशाळेतील लंबकाची किंवा रसायनांची कोडी दिली तर, शाळा अर्धवट सुटलेला हाच माणूस कदाचित त्याखालच्या अवस्थेत मोजला जाईल. पियाजेंनी स्वतः १९७२ मध्ये आपली भूमिका सैल केली आणि अमूर्त विचार प्रत्येकाला आपापल्या व्यवसायाच्या क्षेत्रात साधतो असे मान्य केले. ही दुरुस्ती पाठ्यपुस्तकांत सहसा तळटीपेपुरती उरते, वास्तविक ती मूळ सिद्धांताइतकीच महत्त्वाची आहे.

प्रौढपणातील विकासाचे एक उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतला उतरून काशीस गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींच्या आश्रमात पोहोचले. आपण कोण आणि कोणासाठी, हा एरिक्सनप्रणीत स्वत्वाचा पेच एका प्रवासात सुटल्यासारखा हा प्रसंग दिसतो. चाळिशी उलटल्यावर वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेच्या चार भाषांचा अभ्यास केला, आणि १८ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ केला. मध्यम वयाचे कार्य म्हणून एरिक्सन पुढील पिढीची जी चिंता सांगतात, ती स्वतःचे मूल नसतानाही किती विस्तारू शकते, हे यात दिसते. एरिक्सन यांनी १९६९ मध्ये गांधीजींच्या जीवनाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. तरीही अशा चरित्रवाचनात एक धोका असतो : शेवट ठाऊक असलेले आयुष्य कोणत्याही अवस्थाक्रमात चपखल बसवता येते, आणि ज्यांनी सुरतला गाडी सोडली पण पुढे काही घडले नाही, त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

वार्धक्यात बुद्धी सरसकट क्षीण होत नाही. नव्या कोड्याची झटपट उकल करणारी ‘तरल’ बुद्धिमत्ता तारुण्यानंतर हळूहळू ओसरते, तर अनुभवातून साठलेली ‘घनीभूत’ बुद्धिमत्ता दीर्घकाळ टिकते किंवा वाढते. बाल्टेस यांच्या मते यशस्वी वार्धक्य निवड, जोपासना आणि भरपाई या तीन युक्त्यांवर उभे असते. त्यांनी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण दिले आहे : ते वादनासाठी मोजक्याच रचना निवडत, त्यांचा सराव वाढवत, आणि जलद भाग येण्यापूर्वी लय मुद्दाम संथ करत, म्हणजे पुढचा वेग अधिक भासे. नजर व ताकद कमी झालेला कोळी समुद्रावर जाणे सोडून किनाऱ्यावर जाळी विणतो व दुरुस्त करतो, आणि घरातल्या होडीने कधी निघावे याचा सल्ला देतो, ती हीच रीत होय.

बाल्टेस यांनी वयासापेक्ष बदलांबरोबरच इतिहाससापेक्ष प्रभावांचाही स्वतंत्र विचार केला, आणि हा मुद्दा किनाऱ्यावर आता प्रत्ययास येतो. भरतीचे तक्ते, हवामानाचा अंदाज आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती भ्रमणध्वनीवर मिळू लागल्यापासून तिथीचा हिशेब तरुणांना अपरिहार्य राहिलेला नाही. वृद्ध तांडेलाची घनीभूत बुद्धी तेवढीच असली, तरी तिला विचारणारे कमी झाले आहेत. अशा वेळी त्याच्या मनात जो बदल घडतो तो त्याच्या मेंदूचा ऱ्हास म्हणून नोंदवणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरेल.