टेप की हार्ड डिस्क?

2006 च्या सुमारास घरासाठी कॅमकॉर्डर घ्यायला गेलं की एक प्रश्न हमखास पडायचा: टेपवाला घ्यायचा की हार्ड डिस्कवाला?

टेप म्हणजे मिनी-डीव्ही. 1995 मध्ये आलेली, काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट. तासाभराचं शूटिंग म्हणजे साधारण 13 जीबी. पण ते कॉम्प्युटरवर घ्यायचं तर फायरवायर केबल लावून अख्खी टेप चालवायची. तासभराच्या मुंजीला पूर्ण तास. घाई चालत नाही.

जेव्हीसीने 2004 मध्ये एव्हरियो आणला. पहिल्या मॉडेल्समध्ये काढता येणारी 4 जीबीची मायक्रोड्राइव्ह होती. 2005 मध्ये 20-30 जीबीची डिस्क कॅमेऱ्यातच बसली. 30 जीबीत उत्तम क्वालिटीचे सात तास! कसं काय? डीव्ही सेकंदाला 25 मेगाबिट खातं, हे कॅमेरे एमपीईजी-2 मध्ये साधारण 9 मध्ये भागवायचे. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली. एमपीईजी-2 मध्ये बऱ्याच फ्रेम म्हणजे शेजारच्या फ्रेमपासूनचा नुसता फरक. त्यामुळे जागा वाचते, पण एडिटिंगला तेव्हाचे पीसी रडायचे.

आणखी एक गंमत. डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून काही मॅन्युअलमध्ये 3000 मीटरच्या वर वापरू नका अशी सूचना असायची. लेह 3500 मीटरवर. म्हणजे लडाखच्या ट्रिपला टेपच बरी!

पण खरा फरक वेगळाच होता. टेप भरली की आपण नवीन घ्यायचो, जुनी कपाटात जायची. मूळ प्रत आपोआप राहायची. डिस्क भरली की कॉम्प्युटरवर कॉपी करून कॅमेरा रिकामा करायचा. तो एक पीसी बसला की बारसं, वाढदिवस, सगळं गेलं. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी टेपच सांगितली असती.

आज मात्र पारडं फिरलंय. एव्हरियोची विचित्र .मॉड फाइल व्हीएलसीमध्ये अजून चालते. टेपला चालू कॅमेरा लागतो, आणि नव्या लॅपटॉपला फायरवायर पोर्टच नाही. त्यात कोकणातल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, ते वेगळंच.

तुमच्या कपाटात अशी कॅसेट असेल तर तिच्या कडेला एक बारीक सरकपट्टी दिसेल. ती ‘सेव्ह’कडे सरकवली की वरून चुकून रेकॉर्डिंग होत नाही. आधी ती सरकवा, मगच कॅसेट कॅमेऱ्यात घाला.